हिवाळ्यात हिरवं राहणारं हळदीकुंकू

आजच्या भागात बोलूया फुलपाखरांच्या खाण्याबद्दल. कुठलं झाड लावावं हे आपण नेहमी विचारतो. ते कुठल्या महिन्यात हिरवं असावं, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

आपल्या फ्रीमाँटचं आर्डनवूड फार्म तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. १८५०च्या दशकात जॉर्ज पॅटरसन यांनी सुरू केलेल्या या शेतावर आजही पिकं घेतली जातात. तिथल्या निलगिरीच्या झाडांवर केशरी मोनार्क फुलपाखरं हिवाळा काढायला येतात. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा मुक्काम. या काळात ती अंडी घालत नाहीत. अंगातली चरबी जपत, एकमेकांना बिलगून फांद्यांवर बसून राहतात. उन्हाळ्यातलं मोनार्क काही आठवडेच जगतं; हिवाळा काढणारं मात्र सहा-आठ महिने तग धरतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ती उडतात आणि मादी शोधू लागते मिल्कवीड. पान तोडलं की पांढरा चीक येणारी ही झाडं आपल्या रुईच्या कुळातली. मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, तीच रुई. मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. गावाकडे रुई बांधावर बारा महिने हिरवी असते. इथलं देशी मिल्कवीड तसं नाही. ते वसंतात जमिनीतून फुटतं, उन्हाळाभर वाढतं आणि हिवाळ्यात वाळून जातं. मुळं तेवढी जिवंत राहतात.

शेताच्या मुलखात अडचण इथेच येते. सेंट्रल व्हॅलीत पूर्वी शेतांच्या कडेला, पाटांच्या काठाने मिल्कवीड उगवायचं. तणनाशक आणि नांगरट यांनी त्या कडा साफ झाल्या. किनाऱ्यावरून निघालेल्या मादीला अंडी घालायला पान नाही आणि वाटेत मध प्यायला फूल नाही, असं झालं तर पुढची पिढीच होत नाही. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाखोंनी मोनार्क हिवाळा काढायची. २०२० च्या हिवाळी मोजणीत दोन हजारही भरली नाहीत. २०२१ मध्ये आकडा अडीच लाखांच्या जवळ गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा नऊ हजारांच्या आसपास आला.

हे ऐकून कुणालाही वाटेल की लगेच अंगणात मिल्कवीड लावावं. पण इथे जरा थांबा. नर्सरीत 'ट्रॉपिकल मिल्कवीड' नावाने एक झाड मिळतं. लाल-केशरी पाकळ्या आणि मध्ये पिवळा तुरा. आपल्यातल्या अनेकांना ते पाहताक्षणी ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडे त्यालाच हळदीकुंकू म्हणतात. ते मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं. आपल्या भागातल्या सौम्य थंडीत ते वाळत नाही, हिवाळाभर हिरवं राहतं.

त्याने दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे विश्रांती घ्यायच्या दिवसांत मोनार्क त्यावर अंडी घालू लागते. दुसरी म्हणजे मोनार्कच्या अंगावर एक सूक्ष्म परजीवी असतो. त्याचे कण पानांवर पडतात, अळी ती पानं खाते आणि तिच्यातून निघणारं फुलपाखरू अशक्त असतं. कधी पंख उलगडतच नाहीत. देशी मिल्कवीड वाळलं की कणांसकट पानं गळून जातात आणि वसंतात नवी, स्वच्छ पानं येतात. हळदीकुंकवाची पानं टिकतात, त्यामुळे त्यांवर रोगाचे कण साठत राहतात. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या काही काउंट्यांनी त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

मग आपण काय करायचं? हळदीकुंकू असेल तर काढून टाकणं उत्तम. ते जमत नसेल, तर ऑक्टोबरअखेर जमिनीलगत छाटा आणि हिवाळाभर येणारे फुटवे काढत राहा. मोनार्कच्या हिवाळी मुक्कामापासून ५ मैलांच्या आत देशी मिल्कवीडही लावू नये, असा झर्सीस सोसायटीचा सल्ला आहे. आर्डनवूड गावातच असल्याने फ्रीमाँटमधली बरीच घरं या अंतरात येतात. अशा घरांनी मधाची फुलं लावावी: शरद ऋतूत ॲस्टर आणि कोयोटी ब्रश, थंडीत मांझनिटा आणि रोझमेरी, वसंताच्या तोंडावर कॅलिफोर्निया लायलॅक. त्यापलीकडे, ट्रेसी किंवा मँटेकाकडे राहत असाल, तर अरुंद पानांचं देशी मिल्कवीड जरूर लावा.

आणि स्वयंपाकघराच्या कामाची एक गोष्ट. वाफ्यातल्या शेपूवर किंवा बडीशेपेवर हिरवी, काळ्या पट्ट्यांवर पिवळे-केशरी ठिपके असलेली अळी दिसली तर औषध फवारू नका. ते ॲनिस स्वॅलोटेल नावाचं मोठं पिवळं फुलपाखरू होणार आहे. चार काड्या तिला सोडा, उरलेला शेपू तुमचा. ते हिवाळा कोषात काढतं आणि कोष बरेचदा दांड्याला चिकटलेला असतो. म्हणून वाळलेले दांडे वसंतापर्यंत तसेच ठेवा.

जानेवारीत मुलांना आर्डनवूडला घेऊन जा. ऊन पडल्यावर, दुपारच्या सुमारास गेलात तर फुलपाखरं पंख उघडलेली दिसण्याची शक्यता जास्त. झाडांखाली आवाज हळू ठेवा.