सही खरी, मालक दुसराच

२७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने मर्स्क या बड्या जहाज कंपनीची जगभरातली यंत्रणा पाडली होती आणि तिच्याच समूहाकडून चालवलं जाणारं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ त्या तडाख्यात सापडलं. बाधित संगणकांच्या पडद्यावर एकच मागणी होती : तीनशे डॉलर किमतीचे बिटकॉइन अमुक पत्त्यावर पाठवा. हा पत्ता, म्हणजे वॉलेट, सगळ्या जगाला उघड दिसत होता. त्यात कधी किती बिटकॉइन आले हे कुणालाही मोजता येत होतं आणि पत्रकारांपासून तपासयंत्रणांपर्यंत सगळे त्यावर डोळे लावून बसले होते. आठवडाभरात जमलेले सुमारे चार बिटकॉइन, तेव्हाचे साधारण दहा हजार डॉलर, ४ जुलैला कुणीतरी सगळ्यांच्या देखत काढून नेले. स्वतःच्या वॉलेटमधून पैसे गेलेल्या माणसाला आज जो दिलासा हमखास दिला जातो, त्याची किंमत या घटनेवरून ठरवावी. ‘ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या उघड्या नोंदवहीत, सगळं दिसतं, चोर सापडेलच,’ असं लोक म्हणतात. दिसतं हे खरं. पण चोरीचा निकाल लागतो तो ते नाणं पुन्हा रुपया-डॉलरच्या जगात उतरतं त्या दारावर, आणि त्या दारापर्यंत वेळेत पोहोचायला चोराइतकी घाई आणि चोरापेक्षा जास्त कागद लागतात.

असं का, हे समजायला बँकेची आठवण उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणीतरी खात्यातून पैसे उडवले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही. बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच असते. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असेच नियम लागू झाले. त्याआधी, २०१३ मध्ये, फसव्या ईमेलला उत्तर देऊन बसलेल्या पुण्याच्या एका उद्योगाच्या खात्यातून ऐंशी लाखांवर रक्कम गेली, तेव्हा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या आपल्या अधिकारात पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. ग्राहकाची चूक होती, म्हणून पूर्ण भरपाई नाही. पण बँकेच्या सुरक्षेतही कसूर होती, म्हणून भार वाटला गेला. वैयक्तिक वॉलेटमध्ये भार वाटून घ्यायला समोर कुणी नसतंच. ब्लॉकचेन फक्त एवढंच तपासते की व्यवहारावरची डिजिटल सही त्या पत्त्याच्या खाजगी किल्लीने झाली आहे का. किल्ली कुणाच्या हातात होती याच्याशी तिला कर्तव्य नाही. ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळावर स्वतःचा लुटला गेलेला व्यवहार उघडून पाहा : हिरव्या अक्षरांत ‘सक्सेस’ लिहिलेलं असतं. आपण स्वतः केलेल्या व्यवहारापुढेही तेच असतं.

नाणी जातात कशी, यावर पुढची हालचाल ठरते, म्हणून इथे जरा थांबायला हवं. पहिला प्रकार सीड फ्रेजचा. वॉलेट उघडताना मिळालेले बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द म्हणजेच सगळी मालमत्ता. त्यांचा फोटो फोनच्या गॅलरीत किंवा ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणारे पुष्कळ. हे शब्द गेले असतील तर पासवर्ड बदलून, अ‍ॅप काढून पुन्हा टाकून काहीही साधत नाही. दुसऱ्या, स्वच्छ फोनवर नव्या शब्दांचं नवं वॉलेट काढायचं, उरलेलं सगळं तिकडे हलवायचं आणि जुनं कायमचं सोडून द्यायचं. इथे एक सापळा असतो. उरलेली नाणी हलवण्यासाठी लागणारी फी म्हणून माणूस जुन्या वॉलेटमध्ये थोडं इथर टाकतो आणि ते काही सेकंदांत नाहीसं होतं, कारण चोराचा आपोआप चालणारा बॉट त्याचीच वाट पाहत बसलेला असतो. दुसरा प्रकार परवानगीचा. फुकट नाणी वाटणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडलं जातं, ‘अप्रूव्ह’ची चौकट येते, आपण बोट टेकवतो. त्यात आकडा नीट न पाहिल्यामुळे त्या प्रोग्रामला आपलं अमुक टोकन हवं तेव्हा, हवं तितकं उचलण्याची अमर्याद मुभा मिळून जाते. महिन्यांनंतरही ती वापरता येते. इथे शब्द सुरक्षित असतात, म्हणून ती परवानगी रद्द केली की गळती थांबते. दोन्हींत फरक करता येत नसेल तर पहिलाच प्रकार घडला असं धरून चालणं शहाणपणाचं.

आता त्या दाराकडे. चोरलेली नाणी बहुधा दोन-चार पत्त्यांवरून फिरून शेवटी नाण्यांची खरेदी-विक्री चालणाऱ्या एखाद्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर जातात आणि तिथे ग्राहकाची ओळखपत्रं घेतलेली असतात. भारतात अशा कंपन्यांना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. बिटकॉइनमागे तो गोठवू शकेल अशी कुणी कंपनी नाही. यूएसडीटी या नाण्यामागे टेथर ही कंपनी आहे आणि तपासयंत्रणांच्या विनंतीवरून तिने पत्ते गोठवलेले आहेत. तेव्हा कोणतं नाणं गेलं यावरही आशा अवलंबून असते. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः बँकेतल्या पैशासाठी रचलेला आहे. पुढच्या बँकेला कळवून रक्कम थोपवणं हे त्याचं बळ. एका वॉलेटमधून दुसऱ्यात गेलेल्या नाण्याला अशी पुढची बँक नाही. तरीही तिथे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ताबडतोब नोंद करावी, कारण एक्स्चेंजला लिहिताना तक्रार क्रमांक नसेल तर कुणी दाद देत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर या तक्रारीला आणखी एक पदर आहे. उरण महसुली नकाशात रायगड जिल्ह्यात असलं तरी पोलिसांच्या दृष्टीने ते नवी मुंबई आयुक्तालयात येतं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन मात्र अलिबागला बसणाऱ्या पोलीस अधीक्षकांकडे. हद्दीचा वाद घालत दिवस घालवू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. दुसरं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ मुळे त्या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. किनाऱ्यावरच्या छोट्या ठाण्याचा कारभार सहायक निरीक्षकाकडे असेल, तर हा तपास वरच्या अधिकाऱ्याकडे सोपवायची मागणी अर्जातच करावी. अर्ज हाताने लिहून घेऊ देऊ नये. इथेरियमच्या व्यवहाराचा क्रमांक शून्य-एक्सनंतर चौसष्ट चिन्हांचा असतो आणि त्यातलं एक चिन्ह चुकलं तरी तो कागद रद्दी. शिवाय इथरस्कॅनसारखी संकेतस्थळं बहुधा जागतिक प्रमाणवेळ दाखवतात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. हा फरक अर्जात स्पष्ट केला नाही तर रात्री दीडची चोरी आदल्या दिवशीच्या संध्याकाळी आठची वाटते आणि फोनच्या नोंदींशी काहीच जुळत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : हा लोभाचा मामला, सरकारने आणि पोलिसांनी यात का पडावं? काही प्रकरणांत लोभ असतोच. पण ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना नेटवर्कवरची हजारो वॉलेट्स रिकामी झाली, तेव्हा स्लोप नावाच्या वॉलेट अ‍ॅपने ग्राहकांचे गुप्त शब्द न झाकता आपल्या देखरेखीच्या सर्व्हरवर पाठवल्याचं आढळलं. त्यात ग्राहकाने कुठे हावरटपणा केला होता? शिवाय २०२२ पासून सरकार या व्यवहारांच्या नफ्यावर तीस टक्के कर घेतं, विक्रीवर एक टक्का आधीच कापून घेतं आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाही. कर घ्यायचा आणि चोरी झाल्यावर ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणायचं, हे न्यायाचं नाही. क्रिप्टो बेकायदा असेल या भीतीने तक्रारच न करणारेही आहेत. तसं काही नाही. बँकांनी क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्यावरची रिझर्व्ह बँकेची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजीच रद्द केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचं म्हटलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : इतका घोळ असेल तर नाणी एक्स्चेंजवरच का ठेवू नयेत? मद्रासचा तो निर्णय ज्या वादात आला, त्यातच याचं उत्तर आहे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या अनेक सह्या लागणाऱ्या वॉलेटमधून तेवीस कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता गेली. पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली भलत्याच व्यवहारावर, असं कंपनीचं तेव्हाचं म्हणणं होतं. ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले आणि तोडगा निघाला तो सिंगापूरच्या न्यायालयातून. म्हणजे एक्स्चेंज सुरक्षित म्हणून निवडायचं नाही. निदान नोटीस पाठवायला तिथे कुणीतरी असतं, एवढाच त्याचा फायदा, आणि तो काही थोडका नाही. रोजच्या व्यवहाराची थोडी नाणी तिथे ठेवावीत. मोठी ठेव स्वतःकडे ठेवायची तर इंटरनेटशी न जोडलेल्या वॉलेटमध्ये, शब्द कागदावर आणि कागद घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक अशा ठिकाणी.

तक्रारीनंतरच्या धोक्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. नाणी परत मिळवून देतो म्हणत टेलिग्रामवर दार ठोठावणारे बहुतेक त्याच धंद्यातले असतात. ‘आधी फी भरा’ किंवा ‘ते बारा शब्द सांगा’ म्हटलं की बोलणं तिथेच तोडावं. दुसरा धोका जप्तीनंतरचा. ‘गेनबिटकॉइन’ घोटाळ्यात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये दोन सायबर तज्ज्ञ मदतीला घेतले होते, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवल्याचा आणि शिल्लक कमी दाखवणारे फेरफार केलेले स्क्रीनशॉट तपास अधिकाऱ्यांना दिल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. तो न्यायालयात टिकेल न टिकेल, पण स्क्रीनशॉट हा शिल्लकेचा पुरावा होऊ शकत नाही एवढं त्यातून घेता येतं. इथे मात्र ब्लॉकचेनचा उघडेपणा खरोखर कामाला येतो. जप्तीच्या पंचनाम्यात वॉलेटचा पूर्ण पत्ता आणि वेळ लिहून घेतली, आणि नाणी पोलिसांच्या ज्या पत्त्यावर हलवली त्याचीही नोंद मागितली, तर पुढची कित्येक वर्षं, खटला कुठल्याही कोर्टात रेंगाळत असो, श्रीवर्धनमधल्या घरात बसलेला तक्रारदारसुद्धा फोनवर तो पत्ता उघडून ती नाणी जागेवर आहेत की नाहीत, हे कुणाला न विचारता पाहू शकतो.