निरोपाची पोच हरवते तेव्हा

चारकोप नाक्यावर १९९९ पासून अथर्व अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. विद्यापीठाच्या २०१९ च्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ‘संगणक जाळे’ व ‘वितरित संगणन’ हे विषय होते. पहिल्यात निरोप कसा पोहोचतो हे शिकवितात, तर दुसऱ्यात अनेक संगणकांनी एकविचाराने काम कसे करावे, हे.

मोबाइलवरून पैसे पाठविले, पण उत्तर आले नाही, तर निरोप हरवला की केवळ पोच हरवली, हे मौनावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, तरी रक्कम एकदाच वळती होते.

मात्र आपण नव्याने पैसे पाठविल्यास क्रमांकही नवा मिळतो आणि रक्कम दुसऱ्यांदा जाते. तेव्हा आधी पहिल्या व्यवहाराची स्थिती पाहावी.