गुडघ्याची स्वाभाविक गती आणि जमिनीवरची बैठक

गुडघा म्हणजे दाराच्या बिजागरीप्रमाणे एकाच आसाभोवती फिरणारा सांधा, ही समजूत शरीररचनेच्या प्राथमिक पुस्तकांनी रूढ केली आहे. वस्तुतः मांडीचे हाड नडगीवर लोळते आणि त्याच वेळी घसरतेही, हे विल्हेल्म व एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी १८३६ सालीच आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. असे असूनही विसाव्या शतकाच्या मध्यास जे कृत्रिम गुडघे वापरात आले, त्यांतील पुष्कळसे बिजागरीचेच होते आणि हाडातील त्यांची पकड लवकर सैल होई. वळण्याची वाट न ठेवलेल्या सांध्यावर पडणारा पीळ अखेर हाडावरच जातो, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

ऊर्वस्थीच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, खालच्या टोकास दोन गोलक असतात. पाय वाकू लागला म्हणजे आतील गोलक जवळजवळ जागच्या जागी फिरतो. बाहेरील मात्र १२० अंशांपर्यंत पोचेतो दीड ते दोन सेंटिमीटर मागे सरकतो. परिणामी नडगी मांडीच्या मानाने आत वळते. उलटपक्षी पाय ताठ करताना शेवटच्या सुमारे वीस अंशांत ती बाहेर वळते व सांधा कुलूप लावल्यासारखा स्थिर होतो. मनुष्य फारसे श्रम न करता बराच वेळ उभा राहू शकतो तो काही अंशी या कुलपामुळे. ते उघडण्याचे काम गुडघ्यामागील एक लहानसा स्नायू करतो. या सर्व हालचालीस वळण लावणारे मुख्य घटक म्हणजे सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांस छेदणारे दोन स्वस्तिक अस्थिबंध. १२० अंशांच्या पुढील वाकणे हे तर निराळेच प्रकरण आहे. तेथे पोटरी मांडीस टेकते आणि बाहेरील गोलक नडगीच्या मागील कडेशी जाऊन पोचतो.

या शेवटच्या टप्प्याचे मोल रायगडच्या किनाऱ्यावर विशेष ध्यानात येते. उरण-करंजापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड व श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत मासळी निवडणे, जवळा वाळत घालणे, विळीवर मासे चिरणे ही कामे बहुधा स्त्रियाच करतात, आणि ती जमिनीलगत बसूनच होतात. सपाटीवर चालण्यास गुडघा ६० ते ७० अंश वाकला तरी भागते. जिना चढण्या-उतरण्यास ८५ ते १०० आणि खुर्चीवरून उठण्यास साधारण तितकाच किंवा किंचित अधिक लागतो. उकिडवे बसण्यास मात्र १३० अंशांहून अधिक हवेत. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर ११० अंश मिळाले की नोंदवहीत ‘उत्तम’ असा शेरा पडतो, पण तीच स्त्री घरी आल्यावर आपल्या कामाच्या जागी बसू शकत नाही. मोजपट्टी खोटी नव्हे. ती खुर्चीवर बसणाऱ्या समाजात तयार झालेली आहे.

हे अंश जातात कोठे, हे पाहण्यास शस्त्रक्रियेकडे वळावे लागते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० साली ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिचे नाव घरोघरी पोचले. ती करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल यांच्यासमवेत ‘टोटल कॉन्डिलर’ हा आधुनिक सांधा सिद्ध करणाऱ्यांपैकी एक होत. बहुतेक आधुनिक सांध्यांत पुढील स्वस्तिक बंध काढून टाकला जातो. मागील बंध काही सांध्यांत राखतात, तर काहींत त्याची जागा प्लॅस्टिकचा खुंट व त्यावर अडणारा धातूचा आडवा दांडा घेतो. वाकणाऱ्या कृत्रिम गुडघ्याचे चलत् क्ष-किरणचित्रण केले असता, मागील बंध राखलेल्या अनेक सांध्यांत मांडीचे हाड मागे सरकण्याऐवजी उलट पुढे घसरताना आढळले. असे झाले म्हणजे हाडाची मागील बाजू नडगीच्या कडेवर लवकर अडते आणि वाकणे तेथेच थांबते.

ही उणीव रचनेने भरून काढण्याचे प्रयत्न झाले. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांची शरीरयष्टी व बैठक लक्षात घेऊन ‘इंडस’ हा सांधा तयार केला. परदेशांतही ‘अधिक वाकणारे’ सांधे निघाले; परंतु साध्या सांध्याशी तुलना करता त्यांनी सरासरीने फारशी भर घातली नाही. दक्षिण कोरियातून २००७ साली प्रसिद्ध झालेला अहवाल तर चिंताजनक होता. तेथेही जमिनीवर बसण्याची रीत आहे. अशा एका जातीच्या ७२ सांध्यांपैकी २७ सांध्यांत सुमारे अडीच-तीन वर्षांतच मांडीकडील भाग सैल झालेला आढळला, आणि उकिडवे किंवा मांडी घालून बसू शकणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. वाकण्याची क्षमता मिळाली, पण तिचा भार सोसणारी पकड टिकली नाही. सर्वच सांध्यांची गत अशी होते असे नाही. तथापि कोळीवाड्यातील रुग्णास सल्ला देताना हा अनुभव दृष्टीआड करता येत नाही.

पूर्वस्थितीस येण्याचा क्रमही गतीच्या याच नियमांनी बांधलेला आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या चतुःशिरस्क स्नायूचे बळ निम्म्याहूनही कमी उरते. सूज व वेदना यांमुळे मेंदूची आज्ञाच त्यास पुरती पोचत नाही. म्हणून आरंभी वाकवण्याच्या हट्टापेक्षा पाय पूर्ण ताठ होण्याकडे लक्ष देणे श्रेयस्कर, कारण पाच-दहा अंश वाकडा राहिलेला पाय प्रत्येक पावलागणिक स्नायूस दमवितो. खाटेवर पाय आपोआप हलवणाऱ्या यंत्राचा एके काळी मोठा बोलबाला होता. त्याचा लाभ अगदी अल्प असल्याचे पुढे दिसून आले. अंतिम वाकणे किती मिळेल, हे सर्वांत अधिक अवलंबून असते ते शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता यावर. दुखणे अंगावर काढून सांधा आखडल्यावर मुंबई गाठणाऱ्या रुग्णाचा येथेच तोटा होतो.

आतील गोलक स्थिर ठेवून बाहेरील सरकू देणारे, म्हणजे निसर्गाच्या अधिक जवळ जाणारे, सांधे आता उपलब्ध आहेत. मात्र रुग्णांच्या समाधानात त्यांमुळे पडणारा फरक सर्व अभ्यासांत सारखा दिसत नाही. साधारणतः पाचांपैकी एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण समाधानी नसतो. गुडघे टेकणे अनेकांना यांत्रिक दृष्ट्या शक्य असूनही ते टाळतात, कारण छेद घेताना त्वचेची एक लहान मज्जातंतुशाखा तुटून गुडघ्याची बाहेरील बाजू बधिर झालेली असते आणि टेकल्यावर ‘आपला पाय नव्हे’ असे वाटते. किनाऱ्यावरील रुग्णाच्या बाबतीत व्यायामोपचारात जमिनीवरून उठण्याची रीत – प्रथम हातांचा आधार, मग चांगला पाय पुढे – शिकविणे आणि विळी व मासळीची पाटी गुडघाभर उंचीच्या चौरंगावर आणून ठेवणे, ही दोन कामे १३० अंशांच्या प्रतीक्षेत अडून राहण्याचे कारण नाही.