रक्त नाकातून, दुखणं शिंगात

फुलसावंगीसारख्या कापसाच्या गावात बैलाच्या नाकातून रक्त आलं, की आधी ऊन लागल्याचा किंवा वेसण काचल्याचा संशय येतो. पण रक्त एकाच नाकपुडीतून येत असेल, बैल डोकं झटकत असेल, मान त्याच बाजूला कलती धरत असेल आणि शिंग खुंट्याला घासत असेल, तर शिंगाचं बूड चाचपून पाहावं.

शिंगाच्या कवचाखाली हाड असतं. वासरू साधारण सहा महिन्यांचं झालं, की कपाळाच्या हाडातली पोकळी त्यात पसरू लागते. या पोकळीला आतून ओलसर अस्तर असतं आणि ती नाकाशी जोडलेली असते. शिंगाचा कर्करोग या अस्तरातच सुरू होतो, म्हणून रक्त नाकावाटे येतं. पुढे बूड मऊ पडतं, शिंग हलतं, वाकतं, कधी गळून पडतं. खाली फुलकोबीसारखी वाढ दिसते, तिला घाण वास येतो, किडे पडतात.

हा रोग मुख्यतः आपल्या देशी गोवंशाचा. खच्ची केलेल्या बैलांत तो जास्त दिसतो, तोही ५ ते १० वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयात. जुवाचं घासणं, पोळ्याआधी शिंगं तासणं, त्यांवर ऑइलपेंट लावणं, प्रखर ऊन अशा अनेक गोष्टींवर संशय आहे. एकच एक कारण सिद्ध झालेलं नाही. तरीही पोळ्याला शिंगं तासू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

शिंग हलायला लागण्याआधीच डॉक्टरांना दाखवलं, तर बैल वाचण्याची आशा बरीच असते. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध बधिरतेचं इंजेक्शन देतात, शिंग बुडापासून काढतात आणि कातडी ओढून उघडी पोकळी शिवून टाकतात. जोडीला शिरेतून व्हिन्क्रिस्टीन देतात. हे औषध सदाफुलीपासून मिळतं. ते शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, त्यामुळे ते जाणत्या हातानेच द्यावं लागतं.

हेच औषध मांजरांच्या नाकातल्या कर्करोगातही लागतं. मांजरात तो बहुधा लिम्फोमा असतो. एकाच नाकपुडीतून स्राव, शिंका, नाकावर सूज ही त्याची लक्षणं. पण बुरशीचा संसर्गही अगदी तसाच दिसतो. त्यामुळे नुसती अँटिबायोटिक्स बदलत राहण्यात वेळ जातो. सीटी स्कॅनमध्ये गाठ कुठवर गेली ते कळतं, पण ती कशाची हे तुकडा तपासूनच ठरतं.

बैलाच्या बाबतीतही कापलेलं शिंग फेकून देऊ नये. वाढीचा लहानसा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून, डॉक्टरांमार्फत नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तपासून घ्यावा.