पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर

माझ्या घरी प्रीअँप व्हॉल्व्हचा आहे आणि पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा. गाणं मनापासून ऐकणाऱ्या मित्रांना मी हीच जोडी सुचवतो. स्पीकरला भरपूर प्रवाह लागतो. व्हॉल्व्ह मोठं व्होल्टेज पेलतो, पण प्रवाह थोडाच देतो. म्हणून निव्वळ व्हॉल्व्हच्या अँपमध्ये सहसा जड, महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्झिस्टर स्पीकरला थेट ताब्यात ठेवतो, आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक सैल पडत नाही.

मग व्हॉल्व्ह हवाच कशाला? ईसीसी ८३सारखा साधा ट्रायोड सिग्नलमध्ये थोडी भर घालतो, ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे त्याच स्वराच्या वरच्या सप्तकातली. मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी लावली की ही भर मला गळ्याच्या भरीवपणासारखी जाणवते. मोजमापाच्या भाषेत हा दोषच; मला तो प्रिय आहे.

जोडी जमवताना मात्र इम्पिडन्स पाहाच. पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स प्रीअँपच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दहापट असावा. प्रीअँप २ किलोओहमचा असेल, तर ४७ किलोओहमचा पॉवर अँप उत्तम. १० किलोओहमचा घेतला, तर प्रीअँपचा आउटपुट कपॅसिटर लहान असल्यास खर्ज पातळ होतो. अशा वेळी लोक उगाच स्पीकर बदलत बसतात!

आधी प्रीअँप लावा, व्हॉल्व्ह तापू द्या, मग पॉवर अँप. बंद करताना उलट क्रम, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही. आणि प्रीअँपचं झाकण स्वतः उघडू नका: आत बहुधा २००-३०० व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात.