पहिली भिंत कोण देणार? चित्रकारांनी स्वतः चालवलेली गॅलरी आणि खोडाळ्याची मुलं

खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवर चित्र काढणारा हात शोधत फिरावं लागत नाही. वारली घरांत लग्न निघालं की कुडाच्या भिंतीवर गेरू चढतो आणि तांदळाच्या पिठाने बायका चौक लिहितात. आपल्या घरांतही हुनर कमी नाही. ईदच्या आदल्या रात्री मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरींच्या हातांवर मेंदी काढणारी एखादी मुलगी असते, दारावर बिस्मिल्लाह सुंदर लिहून देणारा एखादा मुलगा असतो. पण या मुलांपैकी कुणी मोठा कागद घेऊन मन लावून काम करू लागलं, दहा-बारा चित्रं तयार झाली, की घरात एकच सवाल उभा राहतो. हे लावायचं कुठे? आणि याच्यातून मिळणार काय?

याच सवालाचं एक उत्तर म्हणजे चित्रकारांनी स्वतः मिळून चालवलेली गॅलरी. मोठ्या शहरांत अशा छोट्या गॅलऱ्या असतात आणि नवं काम पहिल्यांदा बऱ्याचदा तिथेच लागतं. ती चालते कशी, पैसा कुणाचा लागतो आणि तिच्यात खोट कुठे असते, हे आपण आज समजून घेऊ.

गॅलरी कुणाच्या मालकीची?

गॅलऱ्या साधारण तीन तऱ्हेच्या. पहिली खासगी. तिचा मालक चित्रकार निवडतो, प्रदर्शनाचा खर्च करतो, गिऱ्हाईक आणतो आणि विक्रीतला हिस्सा घेतो. हा हिस्सा बहुतेक वेळा तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत जातो. दुसरी भाड्याची. तिथे अर्ज करायचा, नंबर लागला की आठवडाभराचं भाडं भरून चित्रं लावायची. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत असा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

तिसरी सभासदांची. दहा-वीस चित्रकार एकत्र येतात, वर्गणी ठरवतात, एखादी खोली किंवा हॉल घेतात. कुणाचं प्रदर्शन कधी, हे त्यांचीच कमिटी ठरवते. भिशी कशी असते, तसंच बघा. सगळे मिळून टाकतात आणि पाळीपाळीने एकेकाला मिळतं. इथे पैशाच्या जागी भिंत मिळते, एवढाच फरक.

मात्र भिशीत हप्ता भरला की काम संपतं, इथे संपत नाही. ज्याचं प्रदर्शन नसेल त्यालाही हॉलवर पाळीने बसावं लागतं. खिळे ठोकणं, चित्रं सरळ टांगणं, दिवे नीट वळवणं, किमतीचा कागद लिहिणं, आलेल्या माणसाला चार शब्द सांगणं, विकल्या गेलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लावणं, हे सगळं सभासदच करतात. नोकर ठेवायला पैसा नसतो, म्हणूनच अशी गॅलरी स्वस्तात चालते.

मुंबईत हे आधी घडलेलं आहे

खोडाळ्याहून कसारा गाठायचं, तिथून लोकलने सीएसएमटी. पुढे पंधरा-वीस मिनिटं चाललं की काळा घोडा येतो. तिथल्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो. याच रस्त्यावर बॉम्बे आर्ट सोसायटीचा छोटा हॉल होता. ही सोसायटी 1888 साली स्थापन झालेली, सभासदांची संस्था.

1947 मध्ये मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप नावाचा गट बांधला. गोव्याच्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा, मंडला जिल्ह्यातला सय्यद हैदर रझा, पंढरपुरात जन्मलेला मकबूल फिदा हुसेन, हैदराबादजवळच्या बोलारमचा कृष्णाजी हौळाजी आरा, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. यातल्या कुणाच्याच घरी पैशाची रेलचेल नव्हती. हुसेन सिनेमाचे बोर्ड रंगवत होते. आरा मुंबईत घरकाम आणि गाड्या धुण्याचं काम करून वाढले. रझा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करत होते.

त्या काळी मुंबईत नव्या चित्रकाराला जागा मिळणं फार अवघड होतं. जहांगीर गॅलरी अजून उभी राहायची होती, ती उघडली 1952 मध्ये. या सहा जणांचं पहिलं प्रदर्शन 1949 साली रॅम्पार्ट रोवरच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये लागलं. उद्घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केलं. आज याच लोकांची चित्रं कोट्यवधींना जातात. पण त्यांच्या गटाला पहिली भिंत मिळाली ती सभासदांच्या संस्थेकडून, कुणा बड्या व्यापाऱ्याकडून नाही. के. दुभाष मार्गावर आजही आर्टिस्ट्स सेंटर नावाची छोटी गॅलरी आहे आणि आरा अनेक वर्षं तिच्याशी जोडलेले होते.

आणखी एक मिसाल आपल्या मुलींसाठी सांगण्यासारखी आहे. चित्रकार बाळ छाबडा यांनी 1959 मध्ये मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ‘गॅलरी 59’ सुरू केली. चित्रकाराने चित्रकारांसाठी चालवलेली ही छोटी जागा होती. तिथे 1961 मध्ये नसरीन मोहम्मदी या तरुणीचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. पुढे त्या बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागल्या आणि हळूहळू कागदावर फक्त पेन्सिल-शाईच्या रेषा उरल्या. माणूस नाही, प्राणी नाही, रंगही जवळजवळ नाही. 1990 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या किहीमला त्यांचं निधन झालं. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपली नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन ठेवलं. ‘गॅलरी 59’ फार वर्षं चालली नाही, पण तिने जे करायचं ते केलं होतं.

इथे घराघरांत निघणारा एक मुद्दा बाजूला ठेवून चालणार नाही. चित्र काढणं जायज आहे का, असं पालक विचारतात. सजीवांच्या चित्राबद्दल उलमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. तो निकाल द्यायचं काम आमचं नाही, ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे अशा आलिमांना विचारा. एवढं मात्र सांगता येतं की सुलेखन, नक्षी, निसर्ग, इमारती, नुसत्या रेषा आणि आकार, यांचं मैदान खूप मोठं आहे. रझांचा ‘बिंदू’ आणि नसरीन यांच्या रेषा जगभर पोचल्या त्या त्याच मैदानातून.

पैशाचा हिशेब

समजा, चित्राची किंमत 10,000 रुपये ठेवली. खासगी गॅलरीने 40 टक्के घेतले तर हातात 6,000 येतात. सभासदांच्या गॅलरीने 10 टक्के घेतले तर 9,000. ऐकायला छान वाटतं, पण दुसरी बाजूही मांडा. वर्षाची वर्गणी, फ्रेम, गाडीभाडं, निमंत्रण पत्रिका, चहापाणी, हे सगळं तुमच्या खिशातून जातं. एकही चित्र विकलं गेलं नाही तर हा खर्च तुमच्याच अंगावर. खासगी गॅलरी हा धोका स्वतः उचलते आणि तिच्याकडे घेणाऱ्यांची ओळख असते. ती जो हिस्सा घेते तो काही अगदी फुकटचा नसतो.

म्हणून पालकांनी पहिल्या प्रदर्शनाकडे कमाई म्हणून पाहू नये. त्यातून मुलाला दुसरंच काहीतरी मिळतं. अनोळखी माणूस त्याच्या चित्रासमोर थांबतो, सवाल विचारतो, कधी नावं ठेवतो. दहा मोठी माणसं त्याचं काम भिंतीवर बघून खरं काय ते सांगतात. घरात सगळेच “वा, माशाअल्लाह” म्हणतात, त्याने काम पुढे जात नाही.

एक इशारा. “तुमच्या मुलाची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी निवड झाली आहे, इतके हजार भरा,” असे मेसेज मोबाइलवर फिरत असतात. पैसे भरण्याआधी विचारा की निवड कुणी केली, नियम कुठे लिहिलेत, हिशेब कोण बघतो. सभासदांच्या खऱ्या संस्थेत घटना असते, सर्वसाधारण सभा होते, जमाखर्च सगळ्यांसमोर येतो. यातलं काही दाखवलं नाही तर पैसे देऊ नका.

खोट कुठे असते

अशा गॅलऱ्यांची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. सभासदच निवडणार आणि सभासदच लावणार, म्हटल्यावर आपल्याच माणसांची वर्णी लागते. नव्या पोराला पाळी मिळत नाही. दोघा-तिघांवर सगळं काम पडतं आणि ते थकले की कुलूप लागतं. कमिट्यांमध्ये काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहेच, मशिदीची असो की कब्रस्तानची.

त्या सहा जणांचा गटही फार टिकला नाही. सूझा 1949 मध्ये लंडनला गेले, रझा 1950 मध्ये फ्रान्सला. नवे लोक आले, पण काही वर्षांत गट संपला. मूळ सहा जणांत एकही बाई नव्हती. नंतर 1953 च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांचं काम लागलं. याच पुढे भानू अथैया म्हणून वेशभूषेचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. गटात असलेली बाई ती एवढी एकच.

यावर इलाज नियमांत आहे. कमिटीची मुदत ठरवा. वर्षातली काही प्रदर्शनं सभासद नसलेल्यांसाठी राखून ठेवा. निवडीच्या वेळी बाहेरचा एक जाणकार बसवा. मुलींना हॉलवर पाळी देताना वेळ आणि येण्याजाण्याची सोय बघा, नाहीतर नियम कागदावरच राहतो.

आपल्या भागात काय करता येईल

पालघर जिल्ह्याचं नाव चित्रांच्या दुनियेत लहान नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचं काम 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड या खासगी गॅलरीत लागलं आणि वारली चित्रं कागदावरून जगात गेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. गंजाडचेच राजेश चैत्या वांगड फोटोग्राफर गौरी गिल यांच्याबरोबर काम करतात. फोटोत त्याच गावची जमीन दिसते आणि वांगड त्या फोटोवर बारीक रेषांनी तिथल्या गोष्टी भरतात. हे काम 2017 मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात होतं. वारली म्हणजे कुर्त्यावर छापलेली नाचणारी माणसं, एवढंच समजणाऱ्यांनी ते मुद्दाम पाहावं.

कुर्ते, पडदे, कप यांवर ही नक्षी सर्रास छापली जाते आणि पाड्यावरच्या हातांपर्यंत त्यातला पैसा क्वचितच पोचतो. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाने आपोआप गिऱ्हाईक येत नाही. चित्र कुणी काढलं, त्याचं नाव काय, किंमत कुणी ठरवली, हे भिंतीशेजारी लिहिलेलं असेल अशी स्वतःची जागा लागते. ती जागा दुसऱ्याच्या हातात असेल तर नावही त्याच्या मर्जीवर राहतं.

अशी जागा उभी करणं कायद्याने अवघड नाही. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं मिळून संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय असतं. आपल्यातल्या ज्यांनी शाळा किंवा ट्रस्ट चालवले आहेत त्यांना हा रस्ता माहीत आहे. हेच ज्ञान चित्र काढणाऱ्या मुलांसाठी वापरता येईल. सातांत चार वारली असोत, तीन आपले असोत, पाळी सगळ्यांना सारखी. सुरुवातीला इमारत नकोच. शाळेचा वर्ग सुट्टीत मागून घ्या, वर्षातून दोनदा आठ दिवस चित्रं लावा, जमाखर्च दारावर चिकटवा.

तोपर्यंत घरच्या घरी एवढं करा. मुलाला शासकीय रेखाकला परीक्षेला बसवा, एलिमेंट्री आणि मग इंटरमिजिएट. त्याचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. प्रत्येक चित्रामागे नाव, तारीख आणि माप लिहायची सवय लावा. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांचाही विभाग असतो, त्याच्या अर्जाकडे लक्ष ठेवा. आणि मुंबईला दवाखान्यासाठी किंवा लग्नाला जाणं झालं, तर एक दुपार काळा घोड्यासाठी ठेवा. जहांगीरमध्ये जायला तिकीट लागत नाही. मुलाला तिथे घेऊन जा आणि निघायची घाई करू नका.