खेळणे म्हणून विकलेली बंदूक

बेळगावकडच्या वाचकांना बालाघाट दूरचे वाटेल. पण आमचाही सीमेवरचाच जिल्हा. राज्य मध्य प्रदेश, लगत गोंदिया-भंडारा. तुमच्याकडे मराठी-कन्नड, तशी आमच्याकडे मराठी-हिंदी. मुलांचे हट्ट मात्र सगळीकडे सारखेच!

२०२५ च्या दिवाळीत आमच्या राज्यात ‘कार्बाईड गन’ खेळणे म्हणून विकली गेली. किंमत दीडशे-दोनशे रुपये. पाईपचा तुकडा, गॅसचा लायटर आणि कॅल्शियम कार्बाईडचे खडे. खड्यांवर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो, लायटरची ठिणगी पडली की बार. शेतातली माकडे पळवण्याची ही युक्ती मोबाईलवरच्या व्हिडिओंनी मुलांपर्यंत पोचवली. बार झाला नाही की पोर नळीत डोकावते, आणि नेमका तेव्हाच वायू पेटतो. डोळा भाजतो तो भाजतोच, शिवाय कार्बाईडपासून झालेला चुना आत जाऊन बुबुळ जाळतो.

तीन दिवसांत राज्यात शंभराहून अधिक मुले अशा इजा घेऊन रुग्णालयांत आली. चौदा जणांची दृष्टी गेल्याच्या बातम्या होत्या. विदिशात पोलिसांनी विक्रेत्यांना अटक केली.

मला यातली एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. हे खेळणे पकडले गेले ते भोपाळच्या हमीदियासारख्या रुग्णालयांत एकाच वेळी इतकी मुले आली म्हणून. तेच एखाद्या खेड्यातले एकच पोर तालुक्याच्या दवाखान्यात गेले असते, तर कागदावर काय उतरले असते? बहुधा ‘फटाक्याने भाजले’, एवढेच. कसला फटाका, कुठून घेतला, हे कोण विचारतो? अमेरिकेत १९७० च्या दशकापासून निवडक रुग्णालयांच्या अपघात विभागांतून, इजा कोणत्या वस्तूने झाली याची माहिती गोळा होत आली. घातक खेळणी बाजारातून काढायला ती उपयोगी पडली.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चांगलेच झाले. पण रस्त्याकडेला पाईप कापून बनवलेल्या बंदुकीवर चिन्ह शोधणार कोण?

म्हणून तपासाची सुरुवात घरातूनच व्हावी लागते. डोळ्यात काही उडाले तर चोळू देऊ नये, स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धूत राहावे आणि तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा. केसपेपरवर वस्तूचे नाव लिहायला सांगावे, कन्नडात सांगा की मराठीत. खेळणे रागाने फेकून देऊ नका, तेच पुरावा असते. विकत घेतल्याचे ठिकाण आणि तारीख टिपून ठेवा. उरलेले खडे मात्र कोरडेच ठेवून पोलिसांकडे द्या. पाणी लागले तर पुन्हा वायू सुटेल.